उलाळ गाडी

पिकअपचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली दिसते. चार वर्षं रोज दिसत होती. ती वाचायची असते हे मला शेजारच्या रँचवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, तेही मी सोळा फुटी ट्रेलर विकत घेऊन आल्यावर. मोठ्या हौसेनं त्यांना ट्रेलर दाखवायला नेला होता. त्यांनी ट्रेलरकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या ट्रकचं दार उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "गायी किती आणणार?"

"चार."

"मग तू कुठं बसणार?"

मला ती थट्टा वाटली. ती बेरीज होती, आणि तिचं उत्तर त्यांनी पट्टी वाचताक्षणी काढलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, नोकरी ऑस्टिनला, सॉफ्टवेअरमध्ये. मिलाम काउंटीत थॉर्नडेलच्या पुढं बारा एकर जमीन घेतली. टेक्सासात जमिनीवर खरोखर शेती किंवा गुरंढोरं असली तर मालमत्ता कर बाजारभावावर लागत नाही, जमिनीच्या शेती उत्पन्नाच्या हिशेबानं लागतो. त्यासाठी मागच्या सातांपैकी पाच वर्षं तिथं शेतीचा वापर झालेला असावा लागतो. आधीच्या मालकाची गुरं होती, ती तो घेऊन गेला. म्हणजे मला गुरं आणणं भाग होतं. शेतकऱ्याच्या पोरानं शिकून अमेरिकेत जायचं आणि कर वाचवायला परत गायी पाळायच्या, यावर गावाकडं जेवढं हसायचं तेवढं हसून झालेलं आहे. वासरांचं पुढं काय करणार, हा प्रश्नही तिकडून येतो. त्याचं उत्तर मी फोनवर देत नाही.

गायी कुठल्या घ्यायच्या हे मात्र ठरलेलं होतं. इथं 'ब्राह्मन' नावाची जात आहे. वशिंड, लोंबते कान, गळ्याखाली झुलणारी पोळी. १८५४ ते १९२६ या काळात सुमारे २६६ वळू आणि २२ गायी अशी भारतीय वंशाची जनावरं अमेरिकेत आणली गेली, त्यांतून ही जात उभी केली. गीर, गुजरात, नेल्लोर आणि चौथं रक्त 'कृष्णा व्हॅली'चं. म्हणजे आमच्या कृष्णाकाठचं! हे वाचल्यावर दुसऱ्या जातीचा विचार करणं शक्यच नव्हतं. लॅनोजवळच्या एका रँचवर चार गायी विकायच्या होत्या. लॅनो ते माझं रान, रस्त्यानं शंभर मैलांच्या आसपास.

तर ती पिवळी पट्टी. तिच्यावर लिहिलं होतं की गाडीत बसलेली माणसं आणि सामान मिळून १,५४० पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये. माझ्या डोक्यात मात्र जाहिरातीतला आकडा होता, ओढण्याची क्षमता ११,००० पौंडांच्या वर. तो आकडा खोटा नसतो. पण ट्रेलरचं काही वजन ट्रकच्या शेपटावर बसतं, आणि ते या १,५४० मधून वजा होतं हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. म्हाताऱ्यांनी (मी मनात त्यांना आप्पा म्हणतो, आमच्या थोरल्या चुलत्यांसारखेच ते वाक्य अर्ध्यावर सोडून निघून जातात) फीडच्या रिकाम्या पोत्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला.

ट्रेलर रिकामा ३,१०० पौंड. गाय साधारण १,२०० पौंडांची, म्हणजे साडेपाच क्विंटलच्या आत-बाहेर. चार गायी ४,८००. एकूण ७,९००. ट्रेलरच्या पाटीवर जास्तीत जास्त भरलेलं वजन ७,०००. म्हणजे ट्रकचा प्रश्न पुढचा, ट्रेलरच चार गायींचा नव्हता. तीन गायी घेतल्या तर ६,७००. त्याचे दहा ते पंधरा टक्के हिचवर, म्हणजे ट्रकच्या शेपटाला ट्रेलर जोडतात त्या जोडणीवर, यायला हवेत. तेरा टक्के धरले तर ८७० पौंड. मी १७५, आप्पा १९०, हिचचं लोखंड ८५, जॅक-हत्यारं-पाणी १२०. सगळं मिळून १,४४०. उरले शंभर.

"बायकोला घरी ठेव," म्हणाले आणि पोतं माझ्या हातात देऊन गेले.

ते पोतं अजून माझ्याकडं आहे.

दुसऱ्या दिवशी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. ट्रेलर वापरलेला होता, रंग मात्र नवा. रंगावर भाळूनच घेतला होता, कबूल करतो. त्यांनी रबरी मॅट उचलायला लावल्या आणि लाकडी फळ्यांच्या कडेकडेनं स्क्रूड्रायव्हर टोचत गेले. मधे ठणठणीत. मागच्या डाव्या कोपऱ्यात टोक अर्धा इंच आत गेलं, शिळ्या भाकरीत बोट जावं तसं. गायीचं मूत मॅटखाली जाऊन कडेला साठतं आणि लाकूड तिथून कुजतं. फळी मोडून गायीचा पाय खाली रस्त्यावर लागणं, याबद्दल ते एकच वाक्य बोलले आणि तेही अर्धं. मी तीन फळ्या बदलल्या.

टायरांची नक्षी छान होती. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ३११४. म्हणजे २०१४ सालातला एकतिसावा आठवडा. नक्षी झिजली नव्हती कारण ट्रेलर उभाच होता, पण रबर उन्हात वाळून बारीक चिरलं होतं. चारही टायर नवे. ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे ट्रकला जोडायच्या पुढच्या दांडीवर, एक छोटी डबी असते, तिच्यात बॅटरी. ट्रेलर सुटलाच तर ट्रकला अडकवलेली तार पिन ओढते आणि त्या बॅटरीवर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, निदान पंधरा मिनिटं धरून राहायला हवेत. पिन ओढून बघितली, चाकं मजेत फिरत राहिली. बॅटरी मेलेली. टेक्सासात ४,५०० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, हे मला माहीत होतं. ते असणं आणि ते लागणं या दोन गोष्टी आहेत.

आणि गोळा. माझ्या ट्रकच्या हिचवर दोन इंची गोळा होता, ट्रेलरचा कपलर, म्हणजे त्या गोळ्यावर बसणारी वाटी, दोन पूर्णांक पाच षोडशांश इंचांचा. गंमत अशी की मोठा कपलर लहान गोळ्यावर बसतो. कडी लागते, पिन जाते, बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्याला तो उचलून बाहेर येतो. हा ट्रेलर मी विकणाऱ्याच्या दारापासून घरापर्यंत चाळीस मैल तसाच आणला होता. हे कळल्यावर मी जरा वेळ बंपरवर बसून राहिलो. तेव्हापासून जोडणी झाली की मी ट्रेलरचा जॅक दोन-चार फेरे उलटा फिरवतो. ट्रकचं शेपूट वर उचललं गेलं तर गोळा धरलेला आहे.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

गायी आणायच्या आधी खाद्य आणून ठेवावं म्हणून आम्ही दोघं टेलर नावाच्या गावाला गेलो. पन्नास पौंडांची चाळीस पोती, एका पॅलेटवर, म्हणजे एक अमेरिकन टन. फोर्कलिफ्टवाल्या पोरानं मागचं दार उघडून पॅलेट अलगद आत ठेवलं. फोर्कलिफ्टचे दात जेवढे आत जातील तेवढंच ते जाणार. म्हणजे दारापासून चार फूट. पुढं बारा फूट मोकळं. आप्पा दुकानात बिल देत होते. मी पट्टे आवळले, पॅलेट जागचं हलणार नाही याची खात्री केली आणि स्वतःवर खूश झालो.

निघाल्यावर ट्रक हलका वाटला, इतका की मला वाटलं, उगीच एवढा बाऊ करतात लोक. आप्पांना डुलकी लागली होती. हायवे ७९ वर पंचावन्नला पोचलो. मागून अठरा चाकी आला आणि डावीकडून पुढं जाऊ लागला. त्याचं तोंड माझ्या ट्रेलरच्या बरोबरीला आलं तशी ट्रेलरची शेपटी किंचित उजवीकडं ढकलली गेली. मग डावीकडं. मी स्टिअरिंग उलट फिरवून सावरायला गेलो आणि पुढचा झोका मोठा आला. तिसऱ्या झोक्याला आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली. आरशात ट्रेलरची फक्त कड दिसायला हवी. माझा ट्रक मी चालवत नव्हतो, मागची वस्तू चालवत होती. पाय ब्रेककडं गेला.

"नो," एवढंच ऐकू आलं. आप्पा कधी जागे झाले ते मला माहीत नाही. त्यांचा डावा हात डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरवर गेला आणि त्यांनी त्याची छोटी पट्टी अंगठ्यानं सरकवली. ट्रकचे नव्हे, फक्त ट्रेलरचे ब्रेक. मागून कुणीतरी शेपूट धरून ताणावं तसा ओढा बसला. ट्रेलर सरळ झाला. "गॅस सोड. चाक सरळ धर. काही करू नकोस." काही न करणं एवढं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. ट्रकचा ब्रेक दाबला असता तर पुढचं थांबलं असतं आणि मागचं पुढं रेटत आडवं आलं असतं. त्याला इकडं जॅकनाइफ म्हणतात, चाकूचं पातं मिटतं तसं.

कडेला थांबलो. आप्पांनी मागचं दार उघडलं, पॅलेट कुठं आहे ते बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. पट्टे सोडून पंचवीस पोती आम्ही हातांनी वाहून पुढं लावली. सत्तरी ओलांडलेला माणूस पोती उचलतोय आणि मी चौथ्या पोत्याला धापा टाकतोय, असं ते दृश्य होतं. त्यानंतर घरापर्यंत त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं, शेजारून ट्रक जात असतानाही ट्रेलर जागचा हलला नाही. पोती तीच, चाळीस.

रात्री गावाकडं वडिलांना, आण्णांना, व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ. मी हातवारे करून सगळं सांगितलं.

"माल कुठं भरलावतास?"

"मागं, आण्णा. दाराशी."

"मग उलाळ झाली म्हण की गाडी! एवढं इंग्लिश कशाला सांगाय लागलायस?"

उलाळ. हा शब्द मी वीस-बावीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीत ऊस मागं जास्त भरला की जू वर उचलतं, जुपण्या बैलांच्या गळ्याला लागतात, बैल पाय टाकेनात. लहानपणी हंगामात गाडी भरताना आण्णा जुवाजवळ उभे राहायचे आणि दांडीला खांद्यानं उचलून अंदाज घ्यायचे. "पुढं घ्या दोन मोळ्या," असं ओरडायचे. बैलाच्या मानेवर भार हवा, पण मान मोडणारा नको. हिचवर दहा ते पंधरा टक्के, हे त्याचंच अमेरिकन भाषांतर. मला इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर ते परत शिकावं लागलं.

"आणि खाली काय टाकणार हायस?" त्यांनी विचारलं.

"रबरी मॅट आहे."

"शेणानं निसरडी हुईल. मिरजेच्या बाजारातनं म्हस आणली तवा छोट्या हत्तीत पाचट टाकलंतं. पाचट नसंल तर वाळू टाक."

पाचट इथं कुठून आणू? वाळू टाकली. आप्पांनी ते बघून मान हलवली, म्हणजे त्यांनाही तेच सांगायचं होतं.

त्या आठवड्यात आय-३५ वरच्या एका ट्रक स्टॉपवर काट्यावर गेलो. ट्रकवाल्यांचा काटा तीन तुकड्यांत असतो, पुढची चाकं एका तुकड्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. एकदम तीन आकडे मिळतात. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी घेऊन नंबर लावल्याची आठवण येत होती. इथं मात्र रांगेत चहा मिळत नाही. आधी नुसता ट्रक, आम्ही दोघं आत: पुढं ३,०५०, मागं २,४५०. मग पोती नीट लावलेला ट्रेलर जोडून: पुढं २,८२०, मागं ३,३४०, ट्रेलर ४,४४०. ट्रकवर ६६० पौंड बसले, पण पुढच्या चाकांवरचे २३० कमी झाले. शेपटावर भार आला की नाक उचलतं. आणि वळायचं काम, ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकं करतात.

हेही मी लहानपणी बघितलं होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं हवेत. मग दोन पोरं बोनेटवर चढून बसतात. मीही बसलोय, आईला न सांगता. इथं त्या दोन पोरांचं काम दोन पोलादी दांड्या करतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणतात त्याला. दांड्या ताण देऊन बसवल्या की शेपटावरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. ट्रकच्या खाली हिचवर एक पाटी होती, तीही मी वाचली नव्हती. नुसत्या गोळ्यावर ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० चा भार, त्यापुढं ही दांड्यांची सोय केली तरच. म्हणजे पोत्यांचा ट्रेलरच हद्दीबाहेर होता. दांड्या लावून परत काट्यावर गेलो: पुढं २,९८०, मागं ३,११०, ट्रेलर ४,५१०. बेरीज तीच, १०,६००. पण स्टिअरिंग हातात आल्यासारखं वाटलं. हे करून १,५४० चे १,६०० होत नाहीत, ते मात्र लक्षात ठेवायचं. दांड्या भार वाटतात, ट्रकची ताकद वाढवत नाहीत.

ट्रेलर मागं घ्यायचा सराव सांगण्यासारखा नाही. शाळेचं रिकामं पार्किंग, दोन रविवार, तीन आडवे झालेले कोन. स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलर जिकडं न्यायचा तिकडं हात न्यायचा, एवढी एक युक्ती कामाला आली. साध्या लायसन्सवर हे सगळं चालतं, कुणी परीक्षा घेत नाही. घ्यावी असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पहाटे पाचला निघालो. उन्हाच्या आत जाऊन उन्हाच्या आत यायचं. डिझेल-पेट्रोल जे असेल ते जातानाच भरून घ्यायचं, गायी घेऊन पंपावर उभं राहायचं नाही. लॅनोला पोचलो तेव्हा गायी कोंडवाड्यात तयार होत्या. राखाडी, काळ्या डोळ्यांच्या, कान लोंबते. मला एकदम आमच्या बाजारातला फुफाटा आठवला. विकणाऱ्यानं चौथी गाय जवळजवळ अर्ध्या किमतीत देऊ केली. "ट्रक ओढेल की तुझा! मी दर आठवड्याला ओढतो." त्याचा ट्रक एक टनी, मागं गूजनेक ट्रेलर, ज्याची मान ट्रकच्या हौद्यात मागच्या चाकांवर येऊन बसते. माझ्याशी त्याची काय तुलना? पण अर्ध्या किमतीची गाय समोर उभी असताना तुलना सुचत नाही. मी आप्पांकडं बघितलं. ते ढगांकडं बघत होते. खिशातलं पोतं आठवलं. नको म्हटलं.

चढवताना एकही आरडाओरडा झाला नाही. ब्राह्मन गाय हुशार असते आणि तापट माणसाला ओळखते. आप्पा तिच्या खांद्याच्या रेषेच्या मागं राहून एक पाऊल पुढं टाकत, की ती एक पाऊल पुढं जाई. थांबले की थांबे. पहिली गाय ट्रेलरच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. आत काळोख, खाली काळी मॅट. तिच्या दृष्टीनं ती विहीरच. विकणारा काठी उचलायच्या बेतात होता. आप्पांनी मला ट्रेलरचा आतला दिवा लावायला सांगितलं. तिनं नाक खाली घालून वाळू हुंगली, एक दीर्घ फुत्कार टाकला, वाळू उडाली, आणि मग आत गेली. दुसरी तिच्या मागं. या दोघी जड, त्या पुढच्या कप्प्यात. मधलं फाटक लावलं. तिसरी, जरा हलकी, मागं. मधलं फाटक उघडं ठेवलं असतं तर तिघींनी मिळून मागच्या दाराशी गर्दी केली असती आणि माझी गाडी रस्त्यात उलाळ झाली असती, यावेळी जिवंत.

साखळ्या जिभेखाली फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर जीभ रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते. पिनची तार साखळ्यांना नाही, ट्रकच्या सांगाड्याला. दिवे आप्पांनी मागं उभं राहून तपासले. मग कच्च्या रस्त्यावर वीसच्या वेगानं जाऊन ब्रेक कंट्रोलरची पट्टी सरकवून बघितली. चाकं घासटली की गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, थोडा कमी, घासटली नाहीत की वाढवायचा. पोत्यांसाठी बसवलेला आकडा तीन गायींना कमी पडत होता.

पहिल्या मैलावर थांबलो. गायींना पाय रोवायला वेळ द्यायचा, आणि साखळ्या-पिना परत बघायच्या. दहा मैलांवर परत. चारही चाकांच्या मध्यावर हात ठेवून बघितला, कोमट होता, चटका नव्हता. चटका बसला असता तर बेअरिंग गेलं असं समजायचं.

साठच्या वर गेलो नाही. माझ्या मागं रांग लागली, एकानं हॉर्न वाजवला, एकानं बोट दाखवलं. टो-हॉल मोड लावला की उताराला ट्रक स्वतः खालच्या गिअरवर येतो आणि इंजिन घोंघावायला लागतं. पहिल्यांदा वाटतं काही बिघडलं. बुकॅनन डॅमच्या बाजूला रस्ता वर-खाली होतो, तिथं ब्रेकवर पाय ठेवून बसलो असतो तर खाली येईपर्यंत जळका वास सुटला असता.

पोती आणि गायी यांत एक फरक पडतो तो थांबताना. बर्नेटच्या पहिल्या सिग्नलला मी हळूच थांबलो, म्हणजे मला तरी हळूच वाटलं. ट्रक थांबला, आणि क्षणभरानं मागून दुसरा धक्का आला. साडेतीन हजार पौंड मांस-हाडं आपापल्या पायांवर सावरत पुढं सरकली होती. पोत्यांचं वजन खाली असतं, गायींचं छातीइतक्या उंचीवर, आणि ते स्वतःच्या मर्जीनं हलतं. पुढच्या सिग्नलला मी दुप्पट लांबून ब्रेक धरायला सुरुवात केली. त्या मोकळ्या जागेत लगेच एक छोटी गाडी घुसली. मग आणखी मागं. शेवटी मला ती घुसणारी माणसंही हिशेबात धरायची सवय झाली.

बर्ट्रमच्या अलीकडं ट्रेलर हलका डुलल्यासारखा वाटला आणि मग शांत झाला. एका बंद दुकानाच्या आवारात थांबून फटींतून बघितलं. मागची गाय बसली होती. मी दाराच्या कडीला हात घातला. आप्पांनी मनगट धरलं. हायवेच्या कडेला मागचं दार उघडायचं नाही, गाय बसो, पडो, काही होवो. ती बाहेर आली तर ती आणि रस्त्यावरची माणसं, दोन्ही जीव धोक्यात. पुढच्या दोघी तिच्या अंगावर जाऊ शकत नव्हत्या, मधलं फाटक होतं. आम्ही बाजूला उभे राहून थर्मासमधली कॉफी प्यायलो. सात-आठ मिनिटांनी आतून खरखर आवाज आला, आणि वाळूवर खूर रोवत ती उठली. मला आण्णांना फोन करावासा वाटला, पण तिकडं रात्र झाली होती.

जॉर्जटाउनची गर्दी, टेलर, थॉर्नडेल. ट्रेलरनं एकदाही शेपूट हलवलं नाही, अठरा चाकी चार वेळा शेजारून गेले तरी.

माझ्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. उतरवताना मागची आधी. ती उंबऱ्याशी उभी राहून रान बघत होती, मग शांतपणे उतरली आणि सरळ पाण्याकडं गेली. पुढच्या दोघींनी वेळ लावला. आप्पा कुंपणाला टेकून उभे, एक शब्द नाही. मी व्हिडिओ काढला, वशिंडं नीट दिसतील असा, कारण आण्णा पहिलं तेच विचारणार होते.

मग ट्रेलर धुवायला नळाकडं न्यायचा म्हणून ट्रकमध्ये बसलो. मोठा माणूस झाल्यासारखं वाटत होतं. वळणावर ब्रेकवर सवयीनं पाय टेकवला आणि मागून खडीवर खर्रर्र करत चारही चाकं जागच्या जागी आवळली गेली. ट्रेलर रिकामा होता आणि गेन तीन गायींचाच ठेवलेला. कुंपणापाशी आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"बॅटरी चांगली आहे," ते म्हणाले आणि घराकडं चालू लागले.